परक्या हातचा घास

माझे घरमालक कुत्र्याला अहो-जाहो करायचे आणि भाडेकरूला अरे-तुरे. भाडेकरू म्हणजे मी. लग्नाला चार महिने झाले होते, अंबरनाथला औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होतो, आणि बदलापूरला कात्रपमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. सामान चढवत होतो तेव्हा जिन्याच्या पायरीवर अस्वलाच्या तोंडाचं एक पिल्लू बसलेलं दिसलं. मी सवयीने "यू यू" केलं. पिल्लाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे मान दुसरीकडे वळवली. आतून आवाज आला, "सान, आत या. आणि तू रे, त्यांना यू यू करायचं नाय. ते जपानी आहेत."

हे आमचे काका. पुढे नऊ वर्षं आम्ही त्यांच्या डोक्यावर राहिलो, म्हणजे वरच्या मजल्यावर. त्यांची आठवण आली की लोक हसू लागतात. मलाही पूर्वी हसू यायचं.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे एकदा एक मोठं मशीन जपानहून आलं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनियर तीन महिने राहिला. काका त्याच्या हाताखाली. काकांच्या बोलण्यात आई-वडील कमी आणि हा इंजिनियर जास्त यायचा. "मॅनेजर मला अरे फिटर म्हणायचा. हा माझ्या नावापुढे सान लावायचा आणि वर मान झुकवायचा. झाडूवालीला पण सान. मशीनचा एक बोल्ट हातात देताना दोन हातांनी द्यायचा. आपल्याला आयुष्यात कुणी दोन हातांनी काय दिलं नव्हतं." त्या इंजिनियरच्या पाकिटात बायकोच्या फोटोशेजारी कुत्र्याचा फोटो होता. अकिता जातीचा. तेव्हाच काकांनी ठरवलं की निवृत्त झालो की हे घरात आणायचं. काकू तोवर राहिल्या नाहीत, त्यामुळे विरोध करायलाही कुणी नव्हतं.

पिल्लू मिळालं उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. तिथल्या एका सिंधी कापडवाल्याला गच्चीवर परदेशी कुत्री पाळायचा नाद होता. त्याने पिल्लू हातात देताना सांगितलं होतं, "देखो साईं, ये एक घर का नहीं, एक आदमी का कुत्ता है. छोटा है तब तक दस हाथ से खिलाओ, नहीं तो आगे जाके भारी पडेगा." काकांनी ही गोष्ट मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि शेवटी ते एकच वाक्य जोडत, "दहा हातांचं खाणारंच पाहिजे असतं तर गल्लीत काय कमी होती?"

नाव ठेवलं सान. एवढं धूड आणि नाव सान, असं गल्लीतली पोरं म्हणायची. वर्षाभरात ते धूड झालंच. जाड दुहेरी केस, पाठीवर गुंडाळलेली शेपटी, तिरपे बारीक डोळे. पण भुंकणं नाही. गल्लीतली सगळी कुत्री फाटकाबाहेर जमून शिव्याशाप द्यायची आणि सान आत बसून त्यांच्याकडे बँकेतल्या कॅशियरसारखा बघायचा. मांजरासारखा पंजे चाटून साफ करायचा. ओल्या जमिनीवर पाय टाकायचा नाही. माझ्या बायकोने प्रेमाने डोक्यावर हात ठेवला की तो हात खाली पडेपर्यंत थांबायचा आणि मग उठून जायचा. चावला कुणालाच नाही. आवडलंही कुणी नाही, काका सोडून. काका घरात या खोलीतून त्या खोलीत गेले तरी हा उठायचा, मागे जायचा आणि त्यांच्याकडे पाठ करून, तोंड दाराकडे करून बसायचा.

बदलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. काकांनी कूलर आणला तो सानसाठी. स्वतः पंख्याखाली घाम पुसत बसायचे. वर्षातून दोनदा सानचे केस गळायचे, ते सगळ्या घरभर उडत फिरायचे, आणि काका ते वेचून पिशवीत भरायचे. चार वर्षांनी त्याची उशी शिवली. मी चेष्टा केली की काका, आता रजई कधी? ते गंभीरपणे म्हणाले, "तेवढं आयुष्य पाहिजे ना दोघांना."

संध्याकाळी ते बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे. सान शेजारी बसायचा. वंदना संपल्यावर दोघांचं जेवण. काका आपल्या ताटातला भात कालवायचे, पहिला घास सानला हातावर द्यायचे आणि दुसरा स्वतः घ्यायचे. भांड्यात वाढायचं नाही. "पुढ्यात फेकलेलं जनावर खातं," असं म्हणायचे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे लिहायला बसलो.

सान सहा-सात महिन्यांचा असताना काकांनी मला खाली बोलावलं. ओट्यावर पातेल्यात काडेचिराईत उकळत होतं. लहानपणी ताप आला की आमच्याकडे ते पाजायचे, त्यामुळे वासानेच माझी जीभ आत गेली. काकांनी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्या काढ्यात बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"दे त्यांना."

"काका, कडूजहर आहे हे."

"म्हणूनच. परक्या हातचं खायचं नाय हे त्यांना कळलं पाहिजे."

"मग परका बोलवा ना. मी तर घरातला."

"परक्याचं कुणी पण नाय खात. रोजच्या ओळखीच्या हातचं नाय खाल्लं, तर खरं."

तेव्हा मला यात गंमत वाटली, आणि घरमालकाच्या मर्जीत राहिलेलं बरं, असाही हिशेब होता. मी तुकडा पुढे केला. सानने तो विश्वासाने घेतला. मग त्याच्या तोंडाला फेस आला, त्याने मान झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. तिसऱ्या दिवशी हुंगून घेतला. असं महिनाभर रोज, मी कामावरून आलो की. माझी बायको वरून ओरडायची, "मुक्या जिवाला फसवताय, फेडाल कुठे हे?" मी हसायचो. महिन्याने काकांनी साधा तुकडा दिला, कडू काही नाही. मी पुढे केला. सानने माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे मान वळवली. काकांनी टाळी वाजवली. "पास झाले," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. मीही परीक्षकासारखा खूश होतो.

मग ही प्रदर्शनाची गोष्ट झाली. सिलिंडरवाला येवो, निवडणुकीचा उमेदवार येवो, काका त्याच्या हातात बिस्किट द्यायचे. "द्या, द्या, खातात का बघा." सान मान वळवायचा. एकदा एका उमेदवाराने तीन-चार बिस्किटं पुढे केली, शेवटी वैतागून म्हणाला, "काका, कुत्ता भी आपला विरोधी पक्षातला निघाला." काका त्या दिवशी दिवसभर स्वतःशीच हसत होते.

स्वतः काकांचंही तेच. लग्नाला जायचे, पाकीट द्यायचे आणि पंगत बसायच्या आत निघायचे. कुणाच्या घरी पाणीसुद्धा नाही. "पोट बरं नाय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि त्यांच्याइतकं धडधाकट पोट कात्रपमध्ये दुसरं नसेल. आमच्या पहिल्या होळीला बायकोने पुरणपोळ्या खाली पाठवल्या. तासाभराने ताट जसंच्या तसं परत आलं, वरचा रुमालही उलगडलेला नाही. ती रडली. मला राग आला. मनात नको नको ते आलं, की हा माणूस आमच्याकडे कुठल्या नजरेने बघतो.

संध्याकाळी काका स्वतः वर आले. बसले नाहीत. दारातच उभे राहून बायकोला म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुमच्यात काय खोट नाय. माझा आजा गावात येसकर होता. रात्रभर गावाची राखण करायची, आणि त्याचं काय, तर दिवेलागणीला घुंगराची काठी वाजवत दारोदार जायचं. 'भाकर वाढा माय.' वरून टाकायचे. शिळी, विटकी, जे असेल ते. टोपल्यात सगळ्या घरांच्या भाकरी एक व्हायच्या. माझा बाप त्या भाकरीवर वाढला. मग आम्ही बुद्धाला शरण गेलो, आजाने काठी चुलीत घातली आणि सांगितलं, आता उपाशी मेलो तरी हात पसरायचा नाय. मी लहान होतो. काठी जळताना घुंगरं वाजली, ते अजून ऐकू येतं."

काका जिना उतरताना थांबले आणि म्हणाले, "माझ्या घरातलं कुत्रं पण कुणापुढे तोंड वासणार नाय."

त्यानंतर आम्ही खाली ताट पाठवलं नाही आणि मी त्यांची चेष्टाही कमी केली. पण मला खरं कळलं होतं असं नाही. एखाद्याचं दुःख ऐकणं आणि ते कळणं यात फार अंतर असतं, आणि मी ते अंतर तोडायची तसदी घेतली नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, मार्चमध्ये, सकाळी अंघोळ करताना काका पडले. उजवं अंग गेलं. मी आणि शेजाऱ्यांनी दार तोडलं. सान दारापाशी उभा होता, त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. भुंकणं नव्हतं ते, बाईमाणूस हंबरडा फोडतं तसं काहीतरी होतं. रिक्षातून काकांना अंबरनाथच्या एका दवाखान्यात नेलं. बेलवलीला दिलेली त्यांची एकुलती मुलगी तिथे धावत आली. तिचं मूल तान्हं, घरात सासू आजारी, आणि सानची तिला भीती. मला म्हणाली, "दादा, मी बाबांचं बघते. त्याचं तेवढं तुम्ही बघा."

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

त्या संध्याकाळी भात कालवला, कोंबडी उकडली, हातावर घास घेऊन सानपुढे बसलो. तो फाटकाकडे तोंड करून बसला होता. त्याने वळून माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि मान वळवली. तशीच, अगदी सभ्यपणे.

दुसऱ्या दिवशी भांड्यात ठेवून लांब गेलो. नाही. बायकोने प्रयत्न केला. नाही. काकांचा शर्ट घालून बसलो, तेव्हा उठून जवळ आला, शर्टाची बाही बराच वेळ हुंगली, मग हात हुंगला आणि मागे सरला. पाणी प्यायचा, तेही दोन-चार जिभा. चौथ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आणला. त्याने सलाइन लावलं, किडनीचं काहीतरी सांगितलं, वय झालंय म्हणाला. मग विचारलं, "मालकाचा आवाज फोनवर ऐकवता येईल का? यांची जात अशीच असते. हुकूम मिळाला तर खातील कदाचित."

मला हे आधी का सुचलं नाही, म्हणून मी कपाळावर हात मारला. पाचव्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून दवाखान्यात गेलो. फोन शर्टाच्या खिशात. ठरवलं होतं, काकांच्या तोंडचे दोन शब्द घ्यायचे, "सान, जेवा", आणि पळत घरी यायचं.

वॉर्डाच्या दारातच मुलगी रडत उभी. काकाही पाच दिवस जेवले नव्हते. उजवा हात चालत नाही, डाव्याने सांडतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून घास घ्यायला तोंड उघडत नाहीत. नर्स नाही, वॉर्डबॉय नाही, लेकसुद्धा नाही. नाकातून नळी घातली ती डाव्या हाताने उपसून काढली. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर आम्ही जबाबदार नाही. "दादा, तुमचं ऐकतील. काय पण सांगा, पण खायला लावा."

मी आत गेलो. काका निम्मे झाले होते. ओठ एका बाजूला ओघळलेले, शब्द जड. पण डोळे तेच. मला बघून म्हणाले, "सान? जेवले?"

मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं की त्यांना काय ऐकायचं होतं. 'नाही' ऐकायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्या ओघळलेल्या तोंडानेही ते हसले असते, अभिमानाने. सानला दोन शब्द बोलले असते की नाही, माहीत नाही. पण स्वतःचं तोंड मग त्यांनी कधीच उघडलं नसतं. असं मला त्या क्षणी वाटलं. मुलगी मागे उभी होती, हातात पेजेची वाटी.

"जेवले," मी म्हणालो.

"कुणाच्या... हातचं?"

"माझ्या. दुसऱ्याच दिवशी खाल्लं. आता रोज खातात. काका, ते खातात, तर तुम्हीही खा."

त्यांनी माझ्याकडे किती वेळ पाहिलं, सांगता येणार नाही. मग छताकडे पाहिलं. आणि मग तोंड उघडलं. मी वाटी घेतली आणि चमचा चमचा पेज भरवली. त्यांनी चव घेतली नाही, नको म्हटलं नाही, पुरे म्हटलं नाही. शिक्षा भोगावी तशी सगळी वाटी संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत कानात जात होतं. ते मी पुसलं, तेही त्यांनी पुसू दिलं.

मुलीने बाहेर येऊन माझे पाय धरले. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. फोन खिशातच राहिला, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. परत जाऊन काय सांगणार होतो? रोज जेवतात म्हणालो होतो, आता 'सान, जेवा' म्हणा असं कुठल्या तोंडाने सांगू? दुसऱ्या दिवशी काहीतरी युक्ती काढू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर जीभ उचलली नाही.

आठव्या दिवशी दुपारी सान गेला. रविवार होता, मी घरी होतो. शेवटचा म्हणून दूधभाताचा घास पुढे केला. त्याला मान उचलवत नव्हती. पण त्याने नाक माझ्या हातापासून बोटभर बाजूला नेलं, तेवढी ताकद त्याने त्यासाठी ठेवली होती. बायको जिन्यात बसून होती. ती म्हणाली, "तुमचा हात त्याला कडूच माहीत होता हो." आम्ही त्याला मागच्या शेवग्याखाली पुरलं. कॅम्प एकच्या त्या कापडवाल्याचे शब्द आठवत मी माती लोटली. दहा हातांपैकी एक तरी हात माझा होऊ शकला असता. मी तो स्वतःहून काढ्यात बुडवला होता.

काका महिन्याने सुटले ते थेट बेलवलीला, मुलीकडे. सान गेल्याचं मी सांगितलं, वयाने गेला असं. त्यांनी विचारलं, "खाऊनपिऊन?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली. घराला कुलूप लागलं, नंतर आम्हीही अंबरनाथला बिऱ्हाड हलवलं.

मी महिन्या-दोन महिन्यांनी बेलवलीला जायचो. काका खुर्चीत बसलेले असायचे, डोक्यामागे ती केसांची उशी. मुलगी भरवायची, जावई भरवायचा, शेजारीण भरवायची. शेजारच्या पंगतीतून ताट आलं तरी खायचे. सगळे म्हणायचे, "बाबा किती बदलले, किती मवाळ झाले." मुलगी खुशीत असायची. मी प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज खरं सांगायचं. त्यांचं त्यांना परत द्यायचं. आणि प्रत्येक वेळी भीती वाटायची की खरं कळलं तर हे तोंड पुन्हा मिटेल. मला त्यांचा ताठा परत द्यायचा होता आणि जीवही घ्यायचा नव्हता. दोन्ही जमणार नव्हतं.

शेवटचा गेलो तो गेल्या दिवाळीनंतर. बायकोने डब्यात खीर दिली होती. मुलगी आत होती, म्हणून मीच भरवत होतो. तीन-चार चमचे झाल्यावर काकांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बोलणं आता बरंच सुधारलं होतं.

"एक चूक केली होती मी," ते म्हणाले. "त्या काडेचिराइताची. आजाचा राग त्या मुक्या जिवावर काढला. दवाखान्यात पहिले चार दिवस तेच मनात होतं. कधी वाटायचं, नाय खाल्लं तर माझा खरा. कधी वाटायचं, मेलं तर ते आपल्यामुळं. तू सांगितलंस, तुझ्या हातचं खाल्लं, तेव्हा लय लागलं. पण बरं झालं. माझ्याआधी तो शहाणा झाला. नायतर उपाशी मेला असता, आणि मला ते कधी सहन झालं नसतं."

पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरे-तुरे केलं होतं.

मग ते माझ्याकडे बघत राहिले. "खाल्लं ना रे त्यानं पोटभर?"

"हो काका," मी म्हणालो. "पोटभर."

त्यांनी मनगट सोडलं आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.